अंधारकोठडी, कलकत्त्याची

कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम किल्ल्यातील पहारेकऱ्यांच्या ठाण्याला लागून असलेली एक लहान कोठडी. २० जून १७५६ च्या रात्री बंगालचा नबाब सिराज-उद्-दौला याच्या शिपायांनी किल्ल्यात हाती लागलेल्या इंग्रजांना आणि त्यांच्या साथीदारांना तीत कोंडले. सकाळपर्यंत त्यांच्यातले पुष्कळजण गुदमरून आणि तहानेने मेले. हे मृत्यू खरे आहेत. मात्र मृतांचा फुगवलेला आकडा आणि त्यावरून उभी राहिलेली नरराक्षस नबाबाची प्रतिमा ही जेत्यांची रचना आहे. ती दीडशे वर्षांहून अधिक काळ इतिहास म्हणून शिकवली गेली.

सिराज हा नबाब अलीवर्दी खानाचा मुलीकडून नातू. एप्रिल १७५६ मध्ये गादीवर आला तेव्हा त्याने विशी नुकतीच ओलांडली होती. आजोबांबरोबर तो मराठ्यांविरुद्धच्या मोहिमांत हिंडला होता. नागपूरकर रघूजी भोसल्यांच्या फौजा १७४२ पासून बंगालवर चालून येऊ लागल्या, तेव्हा त्यांच्या धास्तीने कलकत्तेकरांनी शहराभोवती खंदक खणायला घेतला. ‘मराठा डिच’ या नावाने तो जुन्या नकाशांत दिसतो. तो कधी पुरा झाला नाही आणि १७५६ मध्ये सिराजच्या सैन्याला त्याने थोपवलेही नाही. नव्या नबाबाच्या इंग्रजांविरुद्धच्या तक्रारी साध्या आणि स्पष्ट होत्या: त्यांनी विनापरवाना तटबंदी वाढवली, १७१७ च्या बादशाही फर्मानाने मिळालेल्या दस्तकांचा (जकातमाफीच्या परवान्यांचा) गैरवापर करून जकात बुडवली आणि दरबाराला हव्या असलेल्या कृष्णदासाला आश्रय दिला.

जूनच्या सुरुवातीस नबाबाने इंग्रजांची कासिमबाजारची वखार घेतली आणि तो कलकत्त्यावर आला. गव्हर्नर रॉजर ड्रेक १९ जूनला जहाजावर चढून निसटला. मागे उरलेल्यांचे नेतृत्व जॉन झेफानाया हॉलवेल या ईस्ट इंडिया कंपनीच्या अधिकाऱ्याकडे आले आणि दुसऱ्या दिवशी किल्ला पडला. बेशिस्त शिपायांना डांबण्यासाठी ही कोठडी इंग्रजांनीच राखून ठेवली होती आणि ‘ब्लॅक होल’ हे तिचे काळेकुट्ट नावही त्यांनीच पाडलेले होते. लांबी १८ फूट, रुंदी सुमारे १५ फूट, हवेसाठी गज लावलेल्या दोन लहान खिडक्या.

त्या रात्रीची जगाला माहीत असलेली कहाणी मुख्यतः एकट्या हॉलवेलची आहे. फेब्रुवारी १७५७ मध्ये इंग्लंडला परतताना त्याने जहाजावर एक लांबलचक पत्र लिहिले आणि १७५८ मध्ये ते लंडनला छापले गेले. टोपीतून गजांआड आत घेतलेले पाणी, त्यासाठीची चेंगराचेंगरी, घामाने भिजलेली सदऱ्याची बाही चोखून भागवलेली तहान, हे सारे त्या पत्रातले. १४६ जण आत गेले आणि २३ जिवंत बाहेर आले, असे त्याने लिहिले. याआधीच्या एका पत्रात त्यानेच कोंडलेल्यांची संख्या याहून मोठी सांगितली होती. १४६ माणसे या कोठडीत घातली, तर माणशी दोन चौरस फूट जागाही येत नाही.

त्याच पत्रातली दुसरी गोष्ट पुढच्या इतिहासकारांनी सोयीस्करपणे सोडून दिली. कैद्यांना रात्रीपुरते बंदोबस्तात ठेवा, एवढाच नबाबाचा सर्वसाधारण हुकूम असावा, आणि पुढे जे घडले ते लढाईत आपली माणसे गमावलेल्या जमादारांच्या सूडबुद्धीतून घडले, असे खुद्द हॉलवेलचे मत होते. मुख्य फिर्यादीनेच आरोपीला खुनाच्या हेतूतून मोकळे केले होते. माझ्या मते या प्रकरणातला हा सर्वांत वजनदार पुरावा आहे आणि तो कधीच लपलेला नव्हता.

घटनेच्या जवळच्या काळात हा प्रकार फार मोठा मानला गेल्याचे दिसत नाही. जानेवारी १७५७ मध्ये इंग्रज सेनानी क्लाइव्ह आणि वॉटसन यांनी कलकत्ता परत घेतले. फेब्रुवारीत नबाबाशी झालेल्या अलीनगरच्या तहात लुटलेल्या मालाची भरपाई आहे, पण कोठडीतल्या मृत्यूंबद्दल एकही कलम नाही. ‘सियर-उल-मुताखरीन’ हा त्या काळाचा तपशीलवार फारसी इतिहास लिहिणारा गुलाम हुसेन सिराजचा कडवा टीकाकार होता, पण त्याच्या ग्रंथात ही घटना नाही. हॉलवेलच्या सचोटीचा पडताळा तर कंपनीच्याच दप्तरात मिळतो. १७६० मध्ये, सिराजनंतर नबाब झालेल्या मीर जाफरला पदच्युत करण्याचे घाटत असताना, त्याने ढाक्याला अनेकांची हत्या करवली, असा आरोप हॉलवेलने नावांनिशी केला. १७६६ मध्ये क्लाइव्ह आणि त्याच्या कौन्सिलने कळवले, की दोन सोडून बाकी सर्वजण जिवंत आहेत.

२३ जून १७५७ ला प्लासीची लढाई झाली आणि २ जुलैला मुर्शिदाबादेत सिराजचा खून झाला. बाजू मांडायला आता कोणी उरले नव्हते, आणि जेत्यांना मात्र सबबीची गरज होती. प्लासीचा निकाल सावकार जगत्‌शेठ आणि मीर जाफर यांच्याशी केलेल्या कारस्थानाने ठरला होता. क्लाइव्हने त्यात २,३४,००० पौंड मिळवले आणि पार्लमेंटमध्ये त्याबद्दल त्याला जाब द्यावा लागला. अत्याचारी नबाबाला घडलेली अद्दल असे रूप दिले, की तोच व्यवहार न्यायाचा वाटू लागतो. रॉबर्ट ओर्मने हॉलवेलची हकिकत आपल्या इतिहासात घेतली. जेम्स मिलने मात्र अशी कोठडी बाळगल्याबद्दल इंग्रजांनाच दोष दिला. त्याचे कोणी ऐकले नाही. १८४० मध्ये मेकॉलेने क्लाइव्हवरील निबंधात या सगळ्याला झळाळी दिली. लहानपणापासून पशुपक्ष्यांचे हाल करण्यात रमणारा सिराज त्याच निबंधातून घरोघरी पोचला. या वाक्यांमागे पुरावा किती, हे मेकॉलेचे वाचक विचारत नव्हते, कारण भाषा विलक्षण होती.

दगडाचा इतिहासही बोलका आहे. हॉलवेलने स्वखर्चाने उभारलेला स्मारकस्तंभ १८२१ मध्ये पाडला गेला, कारण तेव्हा कोणाला त्याची गरज वाटत नव्हती. साम्राज्य ऐन भरात असताना, १९०२ मध्ये, लॉर्ड कर्झनने त्याची संगमरवरी प्रतिकृती डलहौसी चौकात उभी केली.

त्याआधीच अक्षयकुमार मैत्रेय यांनी बंगालीत ‘सिराजुद्दौला’ हे पुस्तक लिहून हॉलवेलच्या कहाणीला आव्हान दिले होते. १९१५ च्या सुमारास जे. एच. लिटल या इंग्रज अभ्यासकाने ती बनावट ठरवली. बंगाली रंगभूमीने, विशेषतः गिरीशचंद्र घोष यांच्या नाटकाने, सिराजला देशासाठी झुंजणारा हुतात्मा केले. ही प्रतिमाही तपासून घ्यावी लागते. कासिमबाजारच्या फ्रेंच वखारीचा प्रमुख जीन लॉ इंग्रजांचा वैरी होता, तरी सिराजच्या क्रौर्याच्या आणि उतावीळपणाच्या लौकिकाबद्दल त्याने मोकळेपणाने लिहिले आहे.

१९४० मध्ये सुभाषचंद्र बोस यांनी कर्झनचा स्तंभ हटवण्यासाठी आंदोलन पुकारले. २ जुलैला त्यांना अटक झाली. हिंदू आणि मुसलमान विद्यार्थी एकत्र रस्त्यावर उतरले, तेव्हा बंगालच्या फजलुल हक मंत्रिमंडळाला नमावे लागले. स्तंभ सेंट जॉन चर्चच्या आवारात हलवला गेला आणि अजून तिथेच आहे. पुढे ब्रिजेन गुप्ता यांनी १९५९ मध्ये उपलब्ध कागदपत्रांची छाननी केली. लढाईत पडलेली किंवा आधीच पळालेली माणसे मृतांच्या यादीत मिसळली गेली होती, हे ध्यानात घेऊन त्यांनी काढलेला अंदाज असा : आत सुमारे ६४ जण गेले आणि २१ वाचले. मृतांचा आकडा त्यामुळे १२३ वरून ४३ वर येतो.