राजवाड्याची कोणती आवृत्ती खरी?

आजच्या भागात आपण सोलला जाणार आहोत, ग्योंगबोकगुंग राजवाड्यात. ऑफिसच्या कामातून अर्धा दिवस सुटी मिळाली, तेव्हा मी तिथे गेलो होतो. तिकीट 3000 वॉन. हानबोक, म्हणजे कोरियन पारंपरिक पोशाख, घालून गेलात तर तेवढेही लागत नाहीत. त्यामुळे आवारात जिकडेतिकडे रंगीत घागऱ्यांची झुंबड असते.

मी गेलो ते 'सहाशे वर्षं जुना राजवाडा' बघायला. आत जाऊन फलक वाचायला लागलो आणि खरं सांगतो, जरा फसल्यासारखं वाटलं. समोरचं ग्वांगह्वामुन हे भव्य महाद्वार 2010 सालचं! म्हणजे माझ्या इंजिनिअरिंगच्या पुस्तकांपेक्षा फार जुनं नाही.

मग नीट वाचायला घेतलं. जोसॉन घराण्याने हा राजवाडा 1395 मध्ये बांधला. 1592 च्या जपानी आक्रमणात तो जळाला आणि पुढे जवळजवळ पावणेतीनशे वर्षं तसाच पडून राहिला. 1865 मध्ये राजा गोजोंगच्या वडिलांनी तो पुन्हा उभारायला घेतला. पैसा कमी पडला म्हणून शंभर मुनचं नाणं काढलं, पण आतला धातू त्या किमतीचा नव्हताच. भाव भडकले, भुर्दंड लोकांनी भरला.

त्याच राजवाड्यात 1895 मध्ये जपानी मारेकऱ्यांनी राणीची हत्या केली. 1910 मध्ये देश जपानच्या ताब्यात गेला. बहुतेक इमारती पाडल्या गेल्या आणि मुख्य दरबाराच्या बरोबर पुढ्यात जपानी गव्हर्नर जनरलची प्रचंड दगडी कचेरी उभी राहिली. ती 1926 मध्ये पूर्ण झाली. महाद्वार उचलून बाजूला नेलं. कोरियन युद्धात ते जळालं. 1968 मध्ये परत बांधलं, पण काँक्रीटचं!

आता खरा पेच बघा. ती जपानी कचेरी नुसती गुलामीची खूण नव्हती. 1948 मध्ये स्वतंत्र कोरियाच्या सरकारची घोषणा तिच्यासमोरच झाली होती. पुढे तिथे राष्ट्रीय संग्रहालयही आलं. पाडायची की ठेवायची, यावर जोरदार वाद झाला. शेवटी स्वातंत्र्याच्या पन्नासाव्या वर्षी, 15 ऑगस्ट 1995 ला, पाडकाम सुरू झालं.

आमच्या भाषेत हा 'रोलबॅक'. पण कुठल्या आवृत्तीवर जायचं? कोरियाने 1395 नाही, तर गोजोंगच्या काळातली निवडली, कारण तिचे पुरावे जास्त होते. तरीही चूक झालीच. 2010 च्या दारावर पांढरी पाटी आणि काळी अक्षरं होती. काही महिन्यांतच तिला तडा गेला. नंतर अमेरिकेतल्या स्मिथसोनियनमधला जुना फोटो आणि जपानच्या वासेदा विद्यापीठातली बांधकामाची रोजनिशी पुढे आली. मूळ पाटी काळी होती आणि अक्षरं सोनेरी! 2023 मध्ये पाटी बदलली.

गंमत बघा, ज्या जपानने राजवाडा मोडला, तिथल्याच एका कपाटात तो दुरुस्त करायचा पुरावा होता.

माझं फसल्यासारखं वाटणं तिथेच संपलं. लाकूड नवं असेल, पण चूक कळल्यावर सगळ्यांसमोर पाटी उतरवायची तयारी मला जास्त खरी वाटली. तुम्ही असता तर ती कचेरी पाडली असती का? जरूर कळवा. भेटू पुढच्या भागात!