पेटता नळ

मंडळी, या वीकेंडचा विषय जमिनीखालचा आहे. अगदी शब्दशः! अमेरिकेत आणि मागोमाग इंग्लंडात फ्रॅकिंगच्या विरोधात ज्या जाहिराती, फलक, पत्रकं नि माहितीपट निघाले, त्यांनी लोकांचं मन कसं वळवलं, त्याचा हा छोटासा इतिहास. मी पडलो सॉफ्टवेअरवाला, तेलविहिरींशी माझा काडीचा संबंध नाही. पण एक प्रश्न बरेच दिवस डोक्यात घोळतोय: आपली बाजू बरोबर असेल, तर पुरावा थोडा ताणलेला चालतो का?

आधी फ्रॅकिंग म्हणजे काय ते दोन मिनिटांत बघू. काही खडकांत तेल आणि वायू इतक्या बारीक छिद्रांत अडकलेला असतो की नुसती विहीर खणून तो वर येत नाही. मग एक-दोन किंवा त्याहून जास्त किलोमीटर खोल जायचं, तिथे विहीर आडवी वळवायची आणि पाणी, वाळू व थोडी रसायनं प्रचंड दाबाने आत सोडायची. खडकाला भेगा पडतात, वाळूचे कण त्या भेगा मिटू देत नाहीत, आणि माल बाहेर येतो. कल्पना नवी नाही. पहिला प्रयोग १९४७ साली कॅन्ससमध्ये झाला, धंदा म्हणून सुरुवात १९४९ साली. पण १९९०च्या दशकाच्या शेवटी टेक्सासमध्ये जॉर्ज मिचेलच्या कंपनीने स्वस्तातली रीत बसवली, तिला आडव्या विहिरींची जोड मिळाली, आणि मग जे सुटलं ते सुटलंच. त्यात २००५च्या ऊर्जा कायद्याने फ्रॅकिंगला पिण्याच्या पाण्याच्या संघराज्य कायद्यातून बहुतांशी वगळलं. विरोधकांनी या पळवाटेला 'हॅलिबर्टन लूपहोल' असं नाव ठेवलं. नाव ठेवणं हीसुद्धा जाहिरातच की!

शब्दावरून आठवलं. तेल उद्योगातली मंडळी हा शब्द 'के' अक्षराशिवाय लिहायची. बाहेरच्यांनी त्यात 'के' घातला, आणि तो एका सुप्रसिद्ध इंग्रजी शिवीचा चुलतभाऊ दिसायला लागला. मग काय, घोषणा आयत्याच तयार. 'नो फ्रॅकिंग वे' अमेरिकेत, 'फ्रॅक ऑफ' इंग्लंडात. एका अक्षरात एवढं काम करणारा कॉपीरायटर कुठे मिळणार?

पण खरी अडचण वेगळीच होती. जो प्रकार दोन किलोमीटर खाली चालतो, तो दाखवायचा कसा? तेलगळती असेल तर काळा पडलेला पक्षी दाखवता येतो. जंगलतोड असेल तर बुंधे दाखवता येतात. इथे दाखवायला काय, तर एक पोलादी मनोरा आणि ट्रकची रांग.

हे कोडं सोडवलं जॉश फॉक्सने. २०१० साली त्याचा 'गॅसलँड' हा माहितीपट आला आणि त्याच वर्षी एचबीओवर दाखवला गेला. पुढे त्याला ऑस्करचं नामांकनही मिळालं. त्यातलं एक दृश्य म्हणजे अख्ख्या चळवळीचं बोधचिन्ह झालं. कोलोरॅडोतल्या एका घरात एक माणूस नळ सोडतो, पाण्याजवळ लायटर धरतो, आणि भप्पकन ज्वाळा उठते. बस्स! भूगर्भशास्त्राचा सगळा वाद एका झटक्यात स्वयंपाकघरात आला. कुठल्या खडकात काय भेगा पडल्या याच्याशी मला देणंघेणं नसेल, पण माझ्या नळातून काय येतं याच्याशी आहे ना!

हे नुसतं माझं मत नाही बरं का. २०१५ साली 'अमेरिकन सोशिओलॉजिकल रिव्ह्यू'मध्ये वासी आणि सहकाऱ्यांनी एक अभ्यास छापला. ज्या भागांत हा चित्रपट गावागावात दाखवला गेला, तिथे आंदोलनं वाढली, आणि पुढे स्थानिक बंदीचे ठराव येण्याची शक्यताही वाढली, असा त्याचा निष्कर्ष.

मग इतरही हत्यारं बाहेर आली. २०१२ साली योको ओनो आणि शॉन लेनन यांनी 'आर्टिस्ट्स अगेन्स्ट फ्रॅकिंग' हा कलावंतांचा गट काढला. त्यांच्या फलकावर 'इमॅजिन' या गाण्याची आठवण करून देत थेट गव्हर्नर कुओमोंना साद घातली होती. उद्योगही गप्प नव्हता. तेल-वायू उत्पादकांच्या संघटनेने २००९ सालीच 'एनर्जी इन डेप्थ' नावाची प्रचारशाखा उघडली होती. 'गॅसलँड' आल्यावर तिने त्यातला मुद्दा न् मुद्दा खोडायला घेतला.

आणि इथेच गोची झाली. तो पेटता नळ तपासलेला होता! कोलोरॅडोच्या तेल-वायू नियामकाने २००८ सालीच, म्हणजे चित्रपट येण्याआधी, त्या विहिरीचं पाणी तपासलं होतं. त्यातला मिथेन जैविक, म्हणजे उथळ थरांत जिवाणूंनी तयार केलेला निघाला. पाण्याची ती विहीरच कोळशाच्या थरातून गेलेली. थोडक्यात, आग खरी होती, पण त्या नळापुरता तरी फ्रॅकिंगशी संबंध सिद्ध झाला नव्हता. गंमत म्हणजे चित्रपटातल्याच दुसऱ्या एका घरच्या पाण्यात खोल थरातला वायूही मिसळलेला आढळला होता. पण ते प्रकरण पोस्टरवर आलं नाही, आला तो पहिला नळ. फ्रॅकिंगच्या आधीही काही भागांत पाणी पेटायचं हे प्रेक्षकांना का सांगितलं नाही, असं पुढे फॉक्सला विचारलं गेलं, तेव्हा त्या गोष्टी इथे गैरलागू आहेत असा त्याचा पवित्रा होता.

आमच्या धंद्यात हे रोज बघायला मिळतं. युजर म्हणतो 'सिस्टिम बंद पडली', आणि ती पडलेलीच असते. पण तो जे कारण सांगतो ते बरोबर असेलच असं नाही. तक्रार खरी, निदान चुकीचं. आणि एकदा का चुकीचं निदान सगळ्यांसमोर उघडं पडलं, की मूळ तक्रारही खोटीच असं म्हणायला मॅनेजर मोकळा!

नेमकं तेच झालं. खरे धोके होते, पण ते कंटाळवाणे होते. ड्यूक विद्यापीठाच्या २०११च्या अभ्यासात, ईशान्य पेनसिल्व्हेनिया आणि न्यूयॉर्कच्या लगतच्या भागात, वायूविहिरींचं काम चालू असलेल्या ठिकाणी पिण्याच्या विहिरींत सरासरी १७ पट मिथेन सापडला. फ्रॅकिंगची रसायनं मात्र त्यात सापडली नाहीत. म्हणजे संशय जातो तो विहिरीचा पाइप आणि त्याभोवतीच्या सिमेंटवर. ओक्लाहोमात खराब पाणी परत खोल जमिनीत सोडल्यामुळे भूकंप वाढले. पूर्वी ३ किंवा त्याहून मोठे धक्के वर्षाला सरासरी दोन बसायचे, २०१५ साली ते ९००च्या आसपास गेले. पण सिमेंटची चीर आणि सांडपाण्याची टाकी यांचं पोस्टर कोण लावणार?

इंग्लंडात या ताणाताणीला पंच होता, जाहिरात मानक प्राधिकरण. २०१३ साली त्यांनी क्वाड्रिला या फ्रॅकिंग कंपनीच्या माहितीपत्रकातली काही विधानं अतिशयोक्त ठरवली. २०१५ साली पाळी आली ग्रीनपीसची. 'फ्रॅकिंगने विजेची-गॅसची बिलं कमी होणार नाहीत यावर तज्ज्ञांचं एकमत आहे' अशा अर्थाची त्यांची जाहिरात होती. तज्ज्ञांत मतभेद असताना एकमत कुठून आणलंत, म्हणून ती दिशाभूल करणारी ठरली. २०१७च्या जानेवारीत 'फ्रेंड्स ऑफ द अर्थ'ने एका पत्रकातले आरोग्याबद्दलचे दावे पुरेशा पुराव्याशिवाय पुन्हा न करण्याचं मान्य केलं. क्वाड्रिलाने त्याची साहजिकच दवंडी पिटली. आणि शेवटी इंग्लंडात फ्रॅकिंग थांबलं कशाने? ऑगस्ट २०१९ मध्ये लँकेशायरमधल्या क्वाड्रिलाच्याच जागेवर २.९ क्षमतेचा धक्का बसला, आणि नोव्हेंबरात सरकारने स्थगिती दिली. २०२२ साली लिझ ट्रस यांनी ती उठवली, सुनक यांनी महिन्याभरात परत आणली. कुठल्याही पत्रकापेक्षा भूकंपमापकाची ती रेघ भारी पडली.

मग जाहिरातींनी काहीच झालं नाही का? झालं की. न्यूयॉर्क बघा. १७ डिसेंबर २०१४ रोजी तिथे बंदीची घोषणा झाली, आणि २०२० साली तिचा कायदा झाला. आरोग्य विभागाचे प्रमुख हॉवर्ड झुकर यांनी तेव्हा जे सांगितलं त्याचा मतितार्थ असा: माझं मूल तिथल्या शाळेच्या मैदानावर खेळेल, माझ्या घरचे तिथल्या नळाचं पाणी पितील, हे मला चालेल का? पुरावा वाचल्यावर माझं उत्तर 'नाही' असं आहे. बघा, पुन्हा नळच! पण हा नळ पेटलेला नव्हता. 'धोका सिद्ध झालाय' असं झुकर म्हणाले नाहीत. 'धोका नाही हे सिद्ध झालेलं नाही' एवढंच म्हणाले, आणि तेवढं पुरलं.

शेजारच्या पेनसिल्व्हेनियात खडक तोच, चित्रपट तोच, पण बंदी राज्यभर आली नाही. मला वाटतं फरक वेळेचा होता. न्यूयॉर्कने २००८ पासूनच परवाने रोखून पर्यावरणाचा आढावा सुरू केला होता. पेनसिल्व्हेनियात चित्रपट येईपर्यंत शेतकऱ्यांचे करार, नोकऱ्या, महसूल सगळं सुरू झालेलं. कोलोरॅडोत २०१८ साली तेलविहिरी घरांपासून २५०० फूट लांब ठेवण्याचा प्रस्ताव मतदानाला आला, आणि पेटत्या नळाच्या त्याच राज्यात तो पडला. उद्योगाने विरोधी प्रचारावर कोट्यवधी डॉलर ओतले होते. मन वळवायला जाहिरात उपयोगी पडते, पण पोट गुंतण्याआधी.

आता माझ्या प्रश्नाचं उत्तर. पेनसिल्व्हेनियात डिमॉक नावाचं खेडं आहे. 'गॅसलँड'मध्ये तेही आहे. तिथल्या विहिरींत वायू शिरल्याचं खापर राज्याच्या यंत्रणेने कॅबट कंपनीच्या सदोष विहिरींवर फोडलं होतं. प्रकरण रखडत रखडत २०२२ साली निकाली निघालं. कॅबटची वारसदार कोटेरा हिने आरोपाला आव्हान दिलं नाही, आणि गावासाठी नळयोजनेपोटी १.६ कोटी डॉलरहून जास्त रक्कम द्यायचं कबूल केलं. तेरा-चौदा वर्षं लोक पाणी बाहेरून आणत होते, आणि त्यांना दर वेळी ऐकावं लागायचं, 'अहो, ते नळाचं प्रकरण तर खोटं निघालं ना?'

म्हणून मला वाटतं, ताणलेला पुरावा चालत नाही. नीतीची गोष्ट सोडा, हिशेबातही बसत नाही. आज टाळ्या मिळतात, उद्या समोरच्याच्या हाती आयतं कोलीत जातं. आणि त्याचे चटके जाहिरात करणाऱ्याला बसत नाहीत, ज्याची तक्रार खरी आहे त्याला बसतात.

असो. तुम्हाला काय वाटतं?