बैल गेला, झूल राहिली: यवतमाळच्या तांड्यांवरच्या भरतकामाची गोष्ट

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी हा आजच्या भागाचा लिखित मजकूर. बोललो तसंच बरंचसं ठेवलंय, त्यामुळे भाषा थोडी घरगुती वाटेल.

यवतमाळ म्हटलं की आपल्या डोक्यात पहिल्यांदा काय येतं? कापूस. मग शेतकरी, मग बातम्या. पण पुसद, दिग्रस, दारव्हा, आर्णी, महागाव या भागात फिरलात तर गावाच्या शेजारी तांडा दिसतो, आणि तांड्यावरच्या एखाद्या घरातल्या पेटीत एक गोष्ट जपून ठेवलेली असते. लाल-निळ्या जाड कापडावर मोजून घातलेले टाके, मधे आरसे, कडेला कवड्या. आजीच्या लग्नातली काचळी किंवा फेटिया. इन्स्टाग्रामवर ‘बोहो’ म्हणून जे विकलं जातं, त्याचं हे खरं मूळ घर.

आजचा प्रश्न असा: ही कला इथे आली कशी, टिकली कशी, आणि आज तिच्यासाठी ज्या संधी आहेत त्यात करणाऱ्या बाईचं नाव कुठे आहे?

चालतं-फिरतं गोदाम

आधी थोडं मागे जाऊ. रेल्वे नाही, ट्रक नाही, रस्ते म्हणजे चिखल. अशा देशात धान्य, मीठ, कापूस इकडून तिकडे नेत कोण होतं? बंजारा तांडे. बैलाच्या पाठीवर दोन्ही बाजूंना गोण लादायची आणि चालायचं. लमाणी हे नाव लवण, म्हणजे मिठावरून आलं असं सांगितलं जातं.

तांडा म्हणजे पाच-पन्नास बैल असं वाटत असेल तर थांबा. इंग्रज प्रवासी पीटर मंडी याला १६३२ साली वाटेत एक तांडा भेटला, त्यात धान्य लादलेले १४,००० बैल होते. फ्रेंच व्यापारी ताव्हेर्निये यानेही दहा-बारा हजार बैलांचे काफिले पाहिल्याचं लिहून ठेवलंय. आजच्या भाषेत सांगायचं तर ही देशाची लॉजिस्टिक्स कंपनी होती, फक्त तिचं हेड ऑफिस रोज जागा बदलायचं.

सैन्यांनाही यांच्याशिवाय चालत नसे. मुघलांच्या फौजा दख्खनमध्ये उतरल्या तेव्हा धान्य पुरवणारे बंजारेच होते. १८०३ च्या इंग्रज-मराठा युद्धात आपल्या वऱ्हाडातल्या अडगाव आणि गाविलगडापर्यंत पोचलेल्या आर्थर वेलस्लीचा दाणागोटाही त्यांच्यावर अवलंबून होता. आणि वऱ्हाडचा कापूस? तो बैलांच्या पाठीवरून पार गंगेकाठच्या मिर्झापूरपर्यंत जायचा. अंतर साधारण ८०० किलोमीटर!

आता विचार करा, असं चालत राहणारं घर सजवायचं कसं? भिंत नाही, दार नाही, कोनाडा नाही. मग सजवायचं काय, तर जे सोबत चालतं ते. बैलाची झूल, पैशांचा बटवा, डोक्यावर घागर ठेवायची चुंबळ, सामानाची पिशवी आणि स्वतःच्या अंगावरचे कपडे. बंजारा भरतकामाचा जन्म या गरजेतून झाला. ओझं वाढू न देता घर सुंदर करायचं असेल तर सुई-दोऱ्याइतकं हलकं साधन दुसरं नाही.

खडू नाही, ट्रेसिंग नाही

मी पोटापाण्यासाठी कोड लिहितो, त्यामुळे मला या कामातली एक गोष्ट फार भावते. जुन्या कामात कापडावर आधी चित्र काढलेलं नसतं. कापडाचे उभे-आडवे धागे मोजायचे आणि त्या हिशोबाने टाका घालायचा. चौकटीतून चौकट, त्रिकोणातून त्रिकोण. म्हणजे कापड हीच ग्रिड आणि प्रत्येक टाका एक पिक्सेल. सगळी नक्षी बाईच्या डोक्यात. एक धागा मोजायला चुकला की पुढची अख्खी ओळ सरकते.

यासाठी कापड जाडं लागतं, धागे डोळ्यांना मोजता यावेत असं. ते गावच्या विणकराच्या हातमागावरचं असायचं. निळा रंग निळीचा, लाल रंग मंजिष्ठ किंवा आलीच्या मुळांचा. त्यावर धावदोरा, साखळी टाका, मच्छी टाका, काज टाका, फुली टाका. दोन-तीन थर एकत्र शिवल्यामुळे वस्तू दणकट व्हायची, वर्षानुवर्षं टिकायची. भिंगं आणि कवड्या नंतर टाचल्या जायच्या.

हे सगळं विकायला नव्हतं, हे लक्षात ठेवा. पुढे याच गोष्टीवर सगळं येऊन अडकणार आहे. मुलगी आईकडून, म्हणजे याडीकडून, शिकायची आणि स्वतःच्या लग्नासाठी भरायची. कंबरेला घेरदार फेटिया, वर पाठीवर बंद असलेली काचळी, डोक्यावरून टुकरी. कोणाचं काम किती बारीक, यावरून तिचं कौतुक व्हायचं. किंमत नव्हती, मान होता.

१८५३: एकाच वर्षात दोन घाव

१६ एप्रिल १८५३ ला मुंबई-ठाणे पहिली रेल्वे धावली, हे आपण शाळेत पाठ केलंय. त्यानंतर महिनाभरात, मे १८५३ मध्ये, निजामाने करार करून वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे सोपवला. इंग्रजांना वऱ्हाड कशाला हवा होता? कापसाला. १८६१ ला अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस थांबला आणि मँचेस्टरच्या गिरण्या आपल्याकडे बघू लागल्या. १८६७ पर्यंत रेल्वे वऱ्हाड ओलांडून नागपूरला पोचली.

या एका रुळाने दोन समाजांचं काम काढून घेतलं. एक, कापूस वाहणारा बंजारा. जो माल तांडा महिनोन्‌महिने चालून पोचवायचा, तो आगगाडी काही दिवसांत नेऊ लागली. दोन, कापड विणणारा विणकर. तीच गाडी येताना मँचेस्टरचं स्वस्त कापड घेऊन यायची. इथला विणकर माग सोडून शेतात कापूस पिकवायला लागावा, अशी अपेक्षा मध्य प्रांत आणि वऱ्हाडचा त्या वेळचा कापूस आयुक्त रिव्हेट-कार्नॅक याने चक्क सरकारी अहवालात मांडली होती. लपवाछपवी काही नाही!

पुढे यवतमाळपर्यंतही रूळ आले. मूर्तिजापूर ते यवतमाळ ही नॅरोगेज लाइन, आपली लाडकी ‘शकुंतला’, किलिक निक्सन या ब्रिटिश कंपनीने विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात बांधली. तीही कापसासाठीच. तिचं वाफेचं इंजिन १९२१ साली बनलं होतं, तेही कुठे? मँचेस्टरला. १९९४ पर्यंत ते ओढत होतं. शकुंतलेवर आपण प्रेम करतो आणि करावंच, पण ती ज्या वाटेवरून धावली त्या वाटेवर तिच्या आधी बैलांच्या गळ्यातल्या घंटा वाजत होत्या, हेही आठवावं.

इथेच तिसरा घाव बसला. १८७१ साली इंग्रजांनी ‘गुन्हेगार जमाती कायदा’ आणला. जो एका जागी राहत नाही त्याच्यावर संशय, असा हा कायदा. जे शतकानुशतकं फिरून देश चालवत होते, त्यांचं फिरणंच गुन्हा ठरू लागलं. अनेक भागांत बंजाऱ्यांचीही नोंद या यादीत झाली. कायदा देशभरातून गेला तो ३१ ऑगस्ट १९५२ ला. महाराष्ट्रात बंजारा समाज आजही ‘विमुक्त जाती’ या प्रवर्गात आहे. त्या ‘विमुक्त’ शब्दामागे हा इतिहास आहे.

मग तांडे थांबले. कुणी शेती धरली, कुणी मजुरी, कुणी ताग पिकवून गोणपाट विणू लागले. याच मातीत पुसदजवळच्या गहुलीत १ जुलै १९१३ ला वसंतराव नाईक जन्मले. १९६३ ते १९७५ ते राज्याचे मुख्यमंत्री होते. म्हणजे तांडा मंत्रालयापर्यंत पोचला. पण झूल घालायला बैलांचा काफिला राहिला नव्हता. भरतकाम उरलं ते फक्त बाईच्या अंगावर आणि पेटीत.

पेटी रिकामी कशी होते

पुढे साडी आली. लेकी शाळा-कॉलेजात गेल्या, सुना ऊसतोडीला आणि शहरात गेल्या. महिनोन्‌महिने बसून फेटिया भरायला वेळ कुणाला? यात कुणाची चूक नाही. जड फेटिया घालून कुणी एसटीला लटकत नाही.

पण त्याच काळात बाहेरच्या जगाला हे काम आवडायला लागलं. जुन्या काचळ्या, बटवे, रुमाल व्यापारी विकत घेऊ लागले. तुकडे कापून पर्सवर, उशीवर, जाकिटावर लागले. दुकानात पाटी एवढीच, ‘बंजारा वर्क’. कोणी केलं, कोणत्या तांड्यावर, किती वर्षांपूर्वी, काहीच नाही. म्युझियममधल्या चित्राखाली चित्रकाराचं नाव असतं. बाईच्या भरतकामाखाली जमातीचं नाव असतं.

इथे मघाची गोष्ट परत येते. जी वस्तू विकण्यासाठी बनलीच नव्हती, तिचा भाव ठरवायचा कसा? समजा एका बटव्याला १२ तास लागले आणि तो ३०० रुपयांना गेला. दोरा, कापड, भिंगं यांचा खर्च सोडून देऊ, तरी तासाला पडले २५ रुपये. मग लेकीने आईकडून हे का शिकावं? कला मरते ती लोक विसरतात म्हणून कमी, आणि हिशोब जमत नाही म्हणून जास्त.

मग संधी कुठे आहेत?

आधी घरचे प्रसंग बघू. श्रावणातली तीज, होळी, १५ फेब्रुवारीची सेवालाल जयंती आणि रामनवमीची पोहरादेवीची यात्रा. पोहरादेवी वाशिम जिल्ह्यात, पण दिग्रसहून जवळ. या दिवसांत फेटिया-काचळी पेटीतून बाहेर येते. पोहरादेवीला ५ ऑक्टोबर २०२४ ला बंजारा विरासत म्युझियमचं उद्घाटन झालं. चार मजले, १३ दालनं. लाखो लोक जिथे येतात तिथे हाताने भरणाऱ्या बाया बसून काम दाखवतील, विकतील, शिकवतील, यापेक्षा चांगली बाजारपेठ कोणती? घेणाऱ्याला ही वस्तू काय आहे ते समजावून सांगावं लागत नाही.

दुसरं, सरकारी दारं. केंद्राच्या हस्तशिल्प विकास आयुक्तांकडून कारागिराला ‘पहचान’ कार्ड मिळतं. प्रदर्शनं, दिल्ली हाटसारखे बाजार, प्रशिक्षण यांसाठी ते लागतं. बचत गटात असाल तर ‘उमेद’मार्फत मुंबईच्या महालक्ष्मी सरसचा स्टॉल मागता येतो. पीएम विश्वकर्मा योजनेची जाहिरात तुम्ही पाहिली असेल. तिच्यातल्या १८ व्यवसायांच्या यादीत शिंपी आहे, पण भरतकाम असं वेगळं नाव नाही. म्हणून फॉर्म भरण्याआधी यादी नीट बघा.

तिसरं दार सगळ्यात मोठं, जीआय टॅग. कर्नाटकातल्या सांडूरला १९८० च्या दशकात लंबाणी बायकांना एकत्र आणणारं केंद्र उभं राहिलं. आज ‘सांडूर लंबाणी एम्ब्रॉयडरी’ला जीआय आहे. २०२३ मध्ये हंपीच्या जी-२० बैठकीत ४५० हून अधिक बायकांनी मिळून १,७५५ वस्तू मांडल्या आणि गिनीज विक्रम केला. कौतुकच आहे. पण जीआय जागेशी बांधलेला असतो. सांडूरचं नाव यवतमाळची बाई वापरू शकत नाही, जसं दुसरीकडे विणलेल्या साडीला पैठणी म्हणता येत नाही.

मग वऱ्हाडच्या कामासाठी काय लागेल? करणाऱ्यांची संघटना, वस्तूचं वर्णन, जागेचा नकाशा आणि उगमाचा पुरावा. हा शेवटचा शब्द परत वाचा. पुरावा म्हणजे इतिहास. ही वस्तू इथेच, अशीच, इतकी वर्षं होत आली, हे दाखवावं लागतं. ते दाखवणाऱ्या वस्तू आज पेट्यांमध्ये आहेत, आणि एकेक करून विकल्या जातायत.

तुमच्या हातातला फोन

म्हणून हा भाग ऐकणाऱ्यांना एकच काम सांगतो. तुमच्या किंवा मित्राच्या घरी अशी एखादी वस्तू असेल तर फोन काढा. दिवसाच्या उजेडात पुढून आणि मागून फोटो घ्या. हो, मागूनसुद्धा, कारण टाका कसा घातला ते मागच्या बाजूला कळतं. शेजारी मोजपट्टी ठेवा. मग आजीला विचारा: कोणी भरलं, कोणत्या तांड्यावर, कुणाच्या लग्नात, या नक्षीला गोरबोलीत काय म्हणतात? ती बोलेल ते तिच्याच भाषेत रेकॉर्ड करा. फाइलला तिचं नाव द्या. आणि बाहेर कुठे टाकायच्या आधी तिला विचारा, कारण वस्तू तिची आहे.

दहा मिनिटांचं काम आहे. एका घराने केलं तर आठवण होईल, शंभर घरांनी केलं तर पुरावा होईल. आणि पुढच्या वेळी कुणी विकत घ्यायला आलं, तर वस्तूची गोष्ट घरच्यांकडेही असेल, नुसती व्यापाऱ्याकडे नाही.

आपल्याकडे म्हण आहे, बैल गेला अन् झोपा केला. तांड्याचे बैल तर दीडशे वर्षांपूर्वीच गेले. झूल अजून आहे. ती जायच्या आधी निदान तिच्यावर टाके घालणारीचं नाव लिहून ठेवू.

भेटू पुढच्या भागात. तोवर, जय सेवालाल आणि राम राम!