तळटीप : प्रमाण-मेंदू
अनेक निरोगी व्यक्तींच्या एमआरआय प्रतिमा एकमेकींवर जुळवून त्यांची सरासरी काढली की जो संदर्भ-नकाशा, म्हणजेच टेम्प्लेट, मिळतो त्याला येथे प्रमाण-मेंदू म्हटले आहे. १९८८चा तालेराख-तूर्नू नकाशा साठ वर्षांच्या एकाच फ्रेंच स्त्रीच्या मेंदूवर बेतलेला होता आणि पुढे रूढ झालेला मॉन्ट्रियलचा १५२ जणांचा नकाशाही उत्तर अमेरिकेतलाच. बीडच्या एखाद्या ऊसतोड मजुराची प्रतिमा त्यावर बसवायची तर ती अधिक ताणावी लागते आणि ताणण्यातली चूक हिप्पोकॅम्पससारख्या, स्मृतीशी निगडित, चिमुकल्या भागाच्या मापात उतरते. हैदराबादच्या ट्रिपल आयटीने २०१९ साली १०० भारतीयांवरून केलेल्या नकाशात मेंदूची सरासरी उंची, रुंदी व आकारमान पाश्चात्त्यांपेक्षा कमी भरले (त्यावरून बुद्धीचे अनुमान काढणे पोरकटपणाचे). बंगळुरूच्या निम्हान्सचे नकाशे ६ ते ६० वर्षांसाठी पाच वयोगटांत विभागलेले आहेत.