चौरंगी सामने आणि पालवणकर बंधू



वसंतातील व्याख्यानासाठी आम्ही खेळाचा विषय निवडला, हे आपणांपैकी कित्येकांना चमत्कारिक वाटेल. ज्या व्यासपीठावर वेदान्त, राज्यकारण आणि साहित्य ह्यांची चर्चा व्हावयाची, तेथे क्रिकेटचे काय काम? परंतु समाजाचा इतिहास केवळ परिषदांच्या ठरावांत आणि पुढाऱ्यांच्या भाषणांत घडतो असे नाही. पुष्कळदा तो मैदानावर, हजारो माणसांच्या डोळ्यांदेखत घडतो, आणि टाळ्या पिटणाऱ्यांना त्याची दादही नसते.

शिवाय हा विषय आपल्या घराजवळचा आहे. आपल्या ह्या फणसवाडीतून निघून समुद्राकडे चालू लागले, की क्वीन्स रोड लागतो, मग रेल्वेचे रूळ लागतात, आणि रूळ ओलांडले की मरीन ड्राइव्हवर जिमखाने ओळीने उभे दिसतात. एक पारशांचा, एक मुसलमानांचा, एक हिंदूंचा. एकाच समुद्राचा वारा खाणारी ही मैदाने धर्मवार का वाटली गेली, ह्याचे उत्तर शोधू गेले की आपण थेट चौरंगी सामन्यांपाशी येऊन पोचतो.

ह्या सामन्यांची हकीकत थोडक्यात अशी. १८९२ पासून मुंबई इलाख्यात युरोपियन आणि पारशी ह्यांचे सामने दरसाल होऊ लागले. १९०७ साली हिंदू त्यांत आले आणि सामने तिरंगी झाले. १९१२ मध्ये मुसलमानांचा संघ आला, तेव्हा ते चौरंगी म्हणवले गेले. १९३७ मध्ये ख्रिस्ती वगैरे इतर जमातींचा मिळून 'इतर' नावाचा संघ निघाला आणि सामने पंचरंगी झाले. १९४६ मध्ये ते कायमचे बंद पडले. अमेरिकेत बेसबॉलच्या वर्ल्ड सीरिजला जो उत्साह उसळे, तोच मुंबईत ह्या सामन्यांना उसळत असे.

रंगतीच्या दृष्टीने पाहिले, तर लोक अजूनही १९४३-४४ च्या अंतिम सामन्याची आठवण काढतात. हिंदूंनी ५ गडी बाद ५८१ धावा करून डाव जाहीर केला. त्यांत विजय मर्चंट ह्यांच्या नाबाद २५० धावा होत्या. 'इतर' संघ पहिल्या डावात १३३ धावांत गारद झाला. दुसऱ्या डावात मात्र आपल्या सांगलीचे विजय हजारे उभे राहिले. संघाच्या ३८७ धावांपैकी एकट्या हजाऱ्यांच्या ३०९! बंधू विवेक ह्यांच्याबरोबर त्यांनी ३०० धावांची भागी केली, आणि त्या भागीत विवेक ह्यांचा वाटा होता २१ धावांचा. इतके होऊनही 'इतर' संघ एक डाव आणि ६१ धावांनी हरला. पराभवातही माणूस केवढा मोठा होऊ शकतो, ह्याचे ह्याहून चांगले उदाहरण आम्हांस ठाऊक नाही.

पण आमच्या मते ह्या सामन्यांतील खरे नाट्य त्याच्या वीस वर्षे आधी होऊन गेले होते. ते धावांचे नव्हते, कर्णधारपदाचे होते. त्याचे नायक होते पालवणचे चार बंधू : बाळू, शिवराम, गणपत आणि विठ्ठल.

त्या काळी अस्पृश्य मानल्या गेलेल्या चर्मकार समाजात बाळूंचा जन्म १८७६ च्या सुमारास झाला. वडील लष्कराच्या चाकरीत असल्यामुळे ह्या मुलांचे बालपण पुण्याच्या आसपास गेले. पुण्यातील पारशांच्या एका क्लबात मैदान झाडण्याचे आणि खेळपट्टीवर रूळ फिरवण्याचे काम बाळूंना मिळाले. वेतन दरमहा ३ रुपये. तेथून ते १८९२ च्या सुमारास युरोपियनांच्या पूना क्लबात गेले. तेथे वेतन ४ रुपये झाले. जाळी बांधावी, रूळ ओढावा आणि साहेबांना सरावासाठी चेंडू टाकावेत, हे त्यांचे काम. कॅप्टन ग्रेग हे त्या वेळचे नामांकित फलंदाज. आपणास बाद केल्यास दर खेपेस आठ आणे देण्याचे त्यांनी बाळूंना कबूल केले होते, अशी कथा सांगतात. कथा खरी असो वा नसो, डाव्या हाताने मंद गतीचा चेंडू वळवण्याची कला बाळूंनी ह्याच मजुरीत कमावली, हे खरे. तासन् तास त्यांनी साहेबांना चेंडू टाकले; परंतु बॅट त्यांच्या हाती कोणी एकदाही दिली नाही. चाकराने चेंडू टाकावा आणि धन्याने तो टोलवावा, अशीच ती व्यवस्था होती.

पुढे पुण्याच्या हिंदू क्लबाला युरोपियनांशी सामने खेळावयाचे होते. बाळूंवाचून जिंकणे कठीण, आणि बाळूंना घ्यावे तर शिवाशिवीचा प्रश्न! अखेर मोठा विचित्र तोड निघाला. मैदानावर सर्वांनी एकच चेंडू हाताळावा. पण चहाच्या वेळी इतरांनी आत पेल्यांतून चहा घ्यावा आणि बाळूंना तो बाहेर मातीच्या भांड्यातून द्यावा. चामड्याचा चेंडू बाळूंच्या हातून ब्राह्मण खेळाडूच्या हाती गेला तर विटाळ होत नव्हता. चिनी मातीचा पेला गेला तर होत होता! ज्याला खेळात घेता त्याला चहाला का घेत नाही, अशी कानउघाडणी न्यायमूर्ती रानड्यांनी त्या वेळी केली, ती यथार्थच होती.

१८९६ च्या सुमारास बाळू मुंबईस आले. मघाशी जे रूळ आपण ओलांडले, त्याच बी. बी. सी. आय. रेल्वेत त्यांना नोकरी मिळाली. १८९४ मध्ये स्थापन झालेल्या परमानंददास जीवनदास हिंदू जिमखान्यात त्यांच्या प्रवेशाला काही सभासदांनी हरकत घेतली. पण कर्णधार कीर्तिकर ह्यांनी त्यांची समजूत घातली आणि बाळू संघात आले. त्यांच्या मागोमाग शिवरामही आले.

फेब्रुवारी १९०६ मध्ये हिंदू आणि युरोपियन ह्यांचा सामना झाला. वंगभंगाला चार महिनेही झाले नव्हते; स्वदेशीची लाट उसळली होती. हिंदूंनी २४२ आणि १६० धावा केल्या, युरोपियनांनी १९१ आणि १०२. हिंदूंनी १०९ धावांनी सामना जिंकला, आणि बाळूंनी दोन्ही डावांत मिळून ८ गडी टिपले. 'इंडियन सोशल रिफॉर्मर' ह्या पत्राने ह्या विजयाचा खरा अर्थ ओळखला होता. पुण्यात ज्यांना चहा बाहेर मिळत होता, त्यांच्यासह मुंबईत इतर खेळाडू एकत्र जेवू लागले होते. त्या पत्राला जितकी विजयाची तितकीच ह्या गोष्टीची किंमत वाटली.

पुढे १९११ मध्ये हिंदुस्थानचा संघ इंग्लंडला गेला. संघ सामान्य ठरला, पण बाळूंनी त्या दौऱ्यात सर्व सामने मिळून ११४ गडी बाद केले. ते परत आले तेव्हा त्यांच्या सत्कारसभेत मानपत्र वाचणारा तरुण होता भीमराव आंबेडकर.

येथवरची हकीकत ऐकून कोणी म्हणेल, की पाहा, खेळाने जातिभेद कसा सहज दूर केला! पण एवढ्यावर समाधान मानणे घाईचे होईल. बाळूंना दार उघडले ते कशाने? संघाला त्यांची गरज होती म्हणून. गरजेने उघडलेले दार गरज संपली की पुन्हा लागते. आणि जो हिंदूंचा सर्वांत मोठा गोलंदाज, त्याला कर्णधारपद मात्र वर्षानुवर्षे मिळाले नाही. गडी बाद करावयास ते चालत होते, हुकूम द्यावयास चालत नव्हते. पूना क्लबातील बॅटीची गोष्टच येथे नव्या वेषात पुढे आली होती.

१९२० साली हा प्रश्न उघड्यावर आला. हिंदूंचे कर्णधार एम. डी. पै आजारी पडले. पहिल्या सामन्यासाठी कर्णधारपद दि. ब. देवधर ह्यांजकडे गेले, आणि बाळूंना संघातूनच वगळण्यात आले. देवधर थोर फलंदाज होते, ह्याबद्दल दुमत नाही. प्रश्न त्यांच्या योग्यतेचा नव्हता. ज्येष्ठता आणि कर्तबगारी असूनही विशिष्ट घरातील माणसालाच दर वेळी का डावलले जाते, हा होता. विठ्ठल आणि शिवराम ह्या दोघा बंधूंनी संघातून अंग काढून घेतले आणि आपली कारणे पत्र लिहून जाहीर केली. आपण हलक्या मानलेल्या जातीचे आहोत म्हणून हा अन्याय होतो, असे त्यांनी स्पष्ट सांगितले.

आमच्या मते ह्या साऱ्या इतिहासातील निर्णायक क्षण हाच. १९०६ चा विजय मोठा खरा. पण त्यात पालवणकरांनी संघाची गरज भागवली होती. १९२० मध्ये त्यांनी प्रथमच आपला हक्क मागितला. बंगल्याच्या बाहेर निमूटपणे चहा घेणाऱ्या पिढीने चेंडूने उत्तर दिले होते. धाकट्या भावांनी ते लेखणीने दिले. काळही बदलत होता. अस्पृश्यता हा हिंदू समाजावरील कलंक आहे, असे गांधीजी देशभर सांगत होते. मुंबईत लोकमत हलले. अंतिम सामन्यासाठी पै परतले, बाळूंना उपकर्णधार नेमण्यात आले आणि दोघे बंधूही संघात आले. सामन्यात पै काही वेळ मैदानाबाहेर गेले आणि तेवढा वेळ हिंदूंच्या संघाची सूत्रे बाळूंच्या हाती राहिली. सामना अनिर्णित राहिला. पण एक गोष्ट निर्णीत होऊन गेली होती.

तीन वर्षांनी, १९२३ मध्ये, हिंदूंच्या संघाचे कर्णधारपद विठ्ठल पालवणकर ह्यांना मिळाले, आणि त्याच वर्षी त्यांच्या नेतृत्वाखाली हिंदूंनी युरोपियनांना हरवून चौरंगी सामने जिंकले. लोकांनी विठ्ठलांना खांद्यांवर उचलून घेतले. त्यांच्या थोरल्या भावाला ज्या समाजाने चहाचा पेला दिला नव्हता, त्याच समाजाचे खांदे होते ते!

आता क्षणभर सातासमुद्रांपलीकडे पाहू. त्याच १९२३ च्या ऑक्टोबरात न्यूयॉर्कच्या यांकीज संघाने त्याच शहराच्या जायंट्स संघाला सहा सामन्यांत हरवून आपली पहिली वर्ल्ड सीरिज जिंकली. त्याआधीची लागोपाठ दोन वर्षे जायंट्सनीच त्यांना पाणी पाजले होते. म्हणून ह्या विजयाचा गाजावाजा फार झाला. परंतु त्या दोन्ही संघांत एकही काळा खेळाडू नव्हता. तसा लेखी नियम कोठे नव्हता. सर्वांची मूक संमती मात्र होती. विसाव्या शतकात त्या मोठ्या स्पर्धांत पहिला काळा खेळाडू, जॅकी रॉबिन्सन, उतरला तो १९४७ साली. आणि संघ चालवणारा पहिला काळा व्यवस्थापक, फ्रँक रॉबिन्सन, मैदानावर संघाची सूत्रे सांभाळू लागला तो १९७५ साली. म्हणजे खेळावयाची परवानगी आणि हुकूम देण्याचा अधिकार ह्यांच्यामध्ये २८ वर्षे गेली. बाळू मुंबईस आले १८९६ च्या सुमारास, विठ्ठल कर्णधार झाले १९२३ मध्ये. हे अंतर सुमारे २७ वर्षांचे. दोन देश, दोन खेळ, दोन निरनिराळे भेद. पण माणसाचे मन सारखेच. परक्याचे कौशल्य वापरून घ्यावयास ते लवकर तयार होते. त्याचा हुकूम ऐकावयास मात्र त्याला एक पिढी लागते.

१९२३ च्या विजयाने सर्व काही मिटले, असेही आम्हांस म्हणावयाचे नाही. त्यानंतर चारच वर्षांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी पिण्यासाठी आंबेडकरांना सत्याग्रह करावा लागला. पुढे तर असा योग आला, की १९३७ च्या निवडणुकीत बाळू पालवणकर आणि डॉ. आंबेडकर एकमेकांसमोर उभे राहिले. आंबेडकरांना १३,२४५ मते पडली, बाळूंना ११,२२५. ज्यांच्यासाठी मानपत्र वाचले, त्यांनाच हरवण्याची पाळी आली! ह्यात कोणाला उणे लेखण्याचे कारण नाही. बाळूंनी आपल्या गुणांनी बंद दार ढकलून पाहिले. आंबेडकरांचा आग्रह असा, की ज्याच्या अंगी बाळूंची कला नाही अशा साध्या माणसालाही ते दार उघडे असले पाहिजे. पहिल्या मार्गाला अलौकिक गुण लागतो, दुसऱ्याला कायदा. समाजाला दोन्ही लागले.

चौरंगी सामने बंद पडले, तेही योग्यच झाले. धर्मावरून संघ पाडणे बरे नव्हे, असे मत गांधीजींनी १९४० मध्ये स्पष्ट सांगितले होते. तथापि त्या सदोष सामन्यांतून एक हिशेब चुकता झाला. 'हिंदूंचा संघ' म्हटले की हिंदू कोण, हा प्रश्न टाळता येईना, आणि धावफलकावर त्याचे उत्तर लिहावे लागले.

बाळू जुलै १९५५ मध्ये मुंबईत निवर्तले. त्याच्या महिनाभर आधी, १ जूनला, अस्पृश्यता पाळणे हा गुन्हा ठरवणारा कायदा अंमलात आला होता. ज्यांनी मातीच्या भांड्यातला चहा मैदानाच्या कडेला उभे राहून घेतला होता, त्यांच्या हयातीत एवढे घडले. संध्याकाळी आपण फिरावयास जाल, रूळ ओलांडाल आणि हिंदू जिमखान्याच्या मैदानावर मुले खेळताना दिसतील, तेव्हा एवढे आठवावे : कोण कोणाला चेंडू टाकतो आहे हे पाहावे, आणि बॅट कोणाच्या हाती आहे तेही पाहावे.