अंधशिक्षण, जुन्नर व आंबेगाव तालुक्यांच्या संदर्भात

महाराष्ट्रातील अंधशिक्षणाच्या आरंभीच्या प्रयत्नांत ॲना मिलार्ड या मिशनरी शिक्षिकेने १९०० मध्ये मुंबईत दुष्काळपीडित अंध मुलांसाठी काढलेली शाळा महत्त्वाची होय. पुण्यात अंधशाळा १९३४ मध्ये निघाली. जुन्नर, आंबेगावच्या डोंगराळ भागातील मुलास तेथे शिकायचे तर घर सोडणे भाग होते. गावच्याच शाळेत अशा मुलांना सामावून घेण्याची केंद्रीय योजना १९७४ मध्ये आली. पुढे फिरत्या विशेष शिक्षकांची सोय झाली.

या शिक्षकाचे काम चिकाटीचे असते. ब्रेल अक्षर सहा ठिपक्यांच्या चौकटीत बसते. पाटीवर ते टोच्याने उजवीकडून डावीकडे उमटवावे लागते व कागद उलटून डावीकडून उजवीकडे वाचावे लागते. म्हणजे एकाच अक्षराच्या दोन उलटसुलट आकृती मुलाच्या बोटांत मुरवाव्या लागतात. १९५१ मध्ये स्वीकारलेल्या भारती ब्रेलमध्ये ‘कि’ लिहिताना आधी ‘क’ व मग इकार येतो. छापील मजकुरात वेलांटी आधी येते. त्यामुळे डोळस शिक्षकाची स्वतःची सवयच प्रथम आड येते. फळ्यावरचे मात्र कोणीतरी वाचूनच दाखवावे लागते.