रक्तहीन हिममत्स्य आणि त्याचा जीनोम: एका शोधाचा इतिहास

अंटार्क्टिक हिममत्स्याच्या जीनोम-वाचनाच्या इतिहासाचा प्रारंभ देवमाशांची शिकार करणाऱ्या जहाजांवर झाला. या समुद्रात रक्त नसलेले मासे आहेत, असे नॉर्वेजियन खलाशी सांगत. 1929 मध्ये योहान रूड या तरुण जीवशास्त्रज्ञाने ते ऐकले, पण त्यावर विश्वास ठेवला नाही. वस्तुतः त्यापूर्वीच 'नॉर्वेजिया' मोहिमेत (1927-28) डिटलेफ रुस्टाड यांनी बूवे बेटाजवळ असा मासा पकडून त्याच्या रंगहीन रक्ताची नोंद केली होती. दक्षिण जॉर्जिया बेटावर प्रत्यक्ष तपासणी करून रूड यांनी 1954 मध्ये जाहीर केले की, या माशांत तांबड्या पेशी नाहीत आणि हिमोग्लोबिनही नाही. खलाशांच्या अनुभवाला विद्वन्मान्यता मिळण्यास दोन तपे लागावीत, ही बाब विचारणीय आहे.

दुसरा प्रश्न गोठण्याचा होता. तेथील पाणी उणे 1.9 अंश सेल्सिअसपर्यंत उतरते. सर्वसाधारण सागरी माशाचे रक्त त्याआधीच गोठते. आर्थर डीव्हरीस यांच्या 1960 च्या दशकातील संशोधनातून अंटार्क्टिक माशांच्या रक्तातील गोठणरोधक ग्लायकोप्रथिने उजेडात आली. त्यांचे जनुक ट्रिप्सिनोजेन या पाचक प्रथिनाच्या जनुकापासून घडल्याचे 1997 मध्ये सिद्ध झाले. उत्तर ध्रुवाकडील कॉड माशांत तशीच प्रथिने स्वतंत्रपणे उत्क्रांत झाली आहेत, हे विशेष.

हिमोग्लोबिनचे कोडे मात्र वेगळे होते. 1995 मध्ये हिममत्स्यांच्या डीएनएत अल्फा-ग्लोबिन जनुकाचे केवळ भग्नावशेष सापडले. बीटा-ग्लोबिन नष्ट झाले होते. कोरियन ध्रुवीय संशोधन संस्थेच्या पुढाकाराने 2014 मध्ये नोटोथेनिया कोरिईसेप्स या तांबड्या रक्ताच्या नातलग माशाचा आणि 2019 मध्ये काळ्या पराच्या हिममत्स्याचा जीनोम प्रसिद्ध झाला. दुसऱ्यात गोठणरोधक जनुकांची संख्या वाढलेली, तर दैनंदिन जैविक घड्याळाची काही जनुके लुप्त झालेली आढळली. 2023 मध्ये या गटातील 24 जातींचे जीनोम एकत्रितपणे अभ्यासले गेले.

हिमोग्लोबिनच्या अभावाला 'अनुकूलन' म्हणण्याचा मोह टाळावयास हवा. थंड पाण्यात प्राणवायू विपुल विरघळतो, म्हणून ही हानी निभावली गेली. तीही मोठे हृदय आणि अधिक रक्त यांची किंमत मोजून. पाणी तापले की त्यातील प्राणवायू घटतो, आणि गमावलेले जनुक या माशाला परत मिळण्याजोगे नाही.